अडीच तोळ्यांचा बाण

२०२५ च्या गणपतीला माझा भाचा अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातून तीन आठवड्यांच्या रजेवर गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत आला, तेव्हा त्याच्या सामानात चॉकलेटच्या पिशव्यांबरोबर प्लास्टिकची एक लांब नळी होती आणि त्या नळीत कार्बनच्या बारा काळ्या कांड्या होत्या. माझ्या आईने, म्हणजे त्याच्या आजीने, त्यातली एक हातात घेऊन वास घेतला आणि ‘एवढी मोठी उदबत्ती आणलीस, पण हिला वास कसा नाही?’ असे विचारले. उदबत्ती नव्हे, हे बाण व्हायचे आहेत आणि ते हरणासाठी आहेत, हे तिला सांगण्याचे काम भाच्याने माझ्यावर ढकलले.

मिशिगनमध्ये धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो. त्यासाठी तिथले सरकार रीतसर परवाने देते आणि भाचा गेली काही वर्षे तो परवाना घेत आला आहे. हंगामापूर्वीचा महिना हा तिथल्या धनुर्धाऱ्यांचा खरा तयारीचा महिना असतो आणि नेमका तोच महिना कोकणी माणसाला गणपतीसाठी घरी ओढतो. धनुष्य आणि बाणाच्या टोकाला लावायचे धारदार पात्यांचे फाळ तो तिकडेच ठेवून आला होता. बाण बांधण्याचे काम मात्र संध्याकाळच्या रिकाम्या वेळात इथे उरकावे, असा त्याचा बेत होता. मी स्वतः गेली काही वर्षे घरामागच्या कलमांच्या बागेत ताणायला छत्तीस पौंडांचा जोर लागणाऱ्या, टोके पुढे वळलेल्या रिकर्व्ह धनुष्यावर गोल छापील लक्ष्य मारतो, त्यामुळे मदतनीस म्हणून माझी नेमणूक आपोआपच झाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीला बंदी आहे आणि भातात रानडुकरे शिरून एका रात्रीत खाचर लोळवून गेली, तरी वनखात्याच्या परवानगीवाचून त्यांच्यावर शस्त्र उचलता येत नाही. मला शिकारीची हौस नाही आणि पुढेही होईल असे वाटत नाही. महाराष्ट्रात आज धनुर्विद्या म्हटले की गुणांचा खेळच डोळ्यांसमोर येतो. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या धनुष्याच्या प्रकारातले जागतिक विजेतेपद मिळवले, तो हा खेळ. त्यात पन्नास मीटरवर बाणांमागून बाण मारायचे आणि शेवटी बेरीज करायची असते. एक बाण घसरला तर पुढचा भरून काढतो. भाच्याच्या कामात बेरीज नाही. हंगामभर बसून एखादाच बाण सुटायचा आणि तो चुकला तर एक जनावर जखमी होऊन रानात जायचे. या एका फरकामुळे त्याची तयारी माझ्या तयारीपेक्षा किती वेगळी होते, ते मी त्या दोन आठवड्यांत पाहिले.

गणपती घरात असेपर्यंत शिकारीचा शब्द काढायचा नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. २ सप्टेंबरला गौरी-गणपती गेले आणि तीन तारखेला सकाळी पडवीत जुनी वर्तमानपत्रे पसरून आम्ही कामाला बसलो.

पहिले काम कांड्या मापात तोडण्याचे. भाच्याला अठ्ठावीस इंचांची कांडी लागते. कार्बन करवतीने कापला तर त्याचे तंतू फाटतात, म्हणून ग्राइंडरला पातळ चकती लावून, अंगणात, नाकातोंडाला फडके बांधून ते काम करावे लागते. ती काळी धूळ फुप्फुसात गेलेली चांगली नाही. तोडल्यावर खरी कसोटी असते ती तोंड काटकोनात घासण्याची. कांडीचे तोंड केसभर जरी तिरके राहिले, तरी त्यात बसवलेले धातूचे इन्सर्ट तिरके बसते, इन्सर्टच्या आट्यांत फिरवलेले टोक तिरके बसते आणि हवेत बाण भोवऱ्यासारखा डुलत जातो. त्यासाठी आम्ही गावच्या सुताराकडून सागाच्या ठोकळ्यात सरळ खाच पाडून घेतली, तिच्या एका टोकाला काटकोनात पॉलिश पेपर चिकटवला आणि खाचेत कांडी ठेवून बोटांनी फिरवत घासू लागलो. घासण्यापूर्वी कांडीच्या तोंडाला मार्करने शाई लावायची. शाई सगळ्या बाजूंनी सारखी निघून गेली की तोंड सरळ झाले असे समजावे. एका बाजूला काळी चंद्रकोर उरली तर आणखी घासावे. सहा भाच्याने केल्या, सहा मी. सातवी कांडी माझ्या हातात असताना वीज गेली. भाद्रपदातले आभाळ, पडवीत तिन्हीसांजेसारखा काळोख. मी कांडी डोळ्यांजवळ धरली, शाई गेल्यासारखी वाटली आणि मी ती बाजूला ठेवून आठवी उचलली.

प्रत्येक कांडीवर ३४० हा आकडा छापलेला होता. हा आकडा बाणाच्या ताठपणाचा, ज्याला स्पाइन म्हणतात त्याचा असतो. अठ्ठावीस इंचांच्या अंतराने दोन टेकू देऊन त्यांवर कांडी आडवी ठेवायची आणि मध्यावर १.९४ पौंडांचे, म्हणजे ८८० ग्रॅमचे वजन टांगायचे. ती जितकी वाकेल ते माप इंचाच्या हजाराव्या भागात लिहायचे. म्हणजे ३४० ची कांडी एक तृतीयांश इंचाच्या किंचित पुढे वाकते आणि माझ्या धनुष्याला लागणारी ६०० ची कांडी अर्ध्या इंचाच्याही पुढे जाते. आकडा जितका लहान तितकी कांडी ताठ. सुटलेला बाण सरळ रेषेत जातो असे आपल्याला वाटते, परंतु दोरीचा धक्का मागून बसताच तो पाण्यातल्या मासळीसारखा वळवळतो आणि मग सावरतो. धनुष्याच्या जोरापेक्षा कांडी मऊ किंवा ताठ असली की हे सावरणे नीट होत नाही. भाच्याचे धनुष्य पासष्ट पौंडांचे. त्याच्या कांड्या माझ्या धनुष्यावर चढवून पाहण्याचा मोह मला झाला होता, पण त्या कुठेतरी भलतीकडेच गेल्या असत्या.

इन्सर्ट इपॉक्सीने चिकटवले. कांडीचे आतले तोंड स्पिरिटने पुसून, गोंद लावलेले इन्सर्ट फिरवत फिरवत आत सरकवायचे आणि एक दिवस हात लावायचा नाही, एवढेच ते काम. पिसांनी मात्र आमची परीक्षा पाहिली. प्रत्येक बाणाला प्लास्टिकची तीन पिसे, एकशेवीस अंशांच्या अंतराने, किंचित मळसूत्री कलात बसवायची, म्हणजे हवेत बाण स्वतःभोवती फिरतो आणि स्थिर राहतो. ती झटपट चिकटणाऱ्या पातळ गोंदाने बसवतात. हा गोंद हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो आणि आमच्याकडे सप्टेंबरात ओलाव्याला काय तोटा? मिशिगनमध्ये भाच्याला पीस साच्यात धरून नीट टेकवायला जेवढा वेळ मिळतो, त्याच्या निम्माही इथे मिळेना. पीस टेकेपर्यंत गोंद धरायचा आणि कडेला पीठ उडाल्यासारखा पांढरा थर यायचा. पहिल्या दोन बाणांची पिसे खरवडून काढावी लागली. शेवटी आम्ही गोंदाचे थेंब निम्म्यावर आणले आणि तांदूळ भरलेल्या बंद डब्यात रात्रभर ठेवून कोरडी केलेली पिसे एकेक करून बाहेर काढू लागलो, तेव्हा कुठे काम मार्गी लागले. तांदूळ आईने दिले, पण परत घेतले नाहीत.

मग वजनाचा प्रश्न आला. बाणाचे वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि डझनभर बाण एकमेकांच्या दोन-चार ग्रेनच्या आत असावेत अशी अपेक्षा असते. एक ग्रॅम म्हणजे सुमारे साडेपंधरा ग्रेन. तेव्हा घरातल्या भाजीच्या काट्यावर हे काम होण्यासारखे नव्हते. आम्ही बारा बाण चादरीत गुंडाळून शृंगारतळीच्या बाजारात आमच्या ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्याने काचेच्या पेटीतल्या काट्यावर पहिला बाण आडवा ठेवला, आकडा पाहिला आणि म्हणाला, ‘अडीच तोळे.’ भाचा हसला, पण मला ते हिशेब करून पाहावेसे वाटले. जुना तोळा एकशेऐंशी ग्रेनचा, म्हणजे अडीच तोळे बरोबर साडेचारशे ग्रेन. कांडी इंचाला दहा ग्रेनप्रमाणे दोनशेऐंशी, पुढचे टोक एकशेपंचवीस आणि बाकी इन्सर्ट, पिसे नि शेपटाकडचे, दोरीवर अडकणारे नॉक मिळून चाळीस-पंचेचाळीस, अशी भाच्याच्या वहीतली बेरीजही तिथेच जात होती. तोळ्याच्या शहाण्णव गुंजा धरल्या तर एक गुंज दोन ग्रेनला थोडी कमी पडते. तेव्हा बाणाबाणांतला चालण्यासारखा फरक म्हणजे एक-दोन गुंजा. हे माप सोनाराला लगेच कळले. त्याने बाराही बाण मन लावून तोलले, प्रत्येकाच्या शेपटाकडे मी त्याचा क्रमांक लिहीत गेलो आणि पैसे विचारल्यावर ‘हरणाला मारणार ना, मग नको’ असे म्हणून त्याने मान फिरवली. ती माया की नाराजी, ते मला अजून उलगडलेले नाही.

बाणाचा तोल किती पुढे आहे, यावर अमेरिकेतले शिकारी तासन् तास वाद घालतात म्हणे. हिशेब सोपा आहे. बाण बोटावर तोलून धरायचा, तोलाची जागा मध्यापासून किती पुढे आहे ते मोजायचे आणि त्याला लांबीने भागायचे. आमचे बाण पावणेचार इंच पुढे तोलले, म्हणजे साधारण १३.४ टक्के. दहा ते पंधरा टक्क्यांत असले म्हणजे शिकारीच्या बाणाला पुरे, असे सर्वसाधारण मानतात. त्याहून पुढे जाण्यासाठी टोकाकडे पितळ भरत सुटण्याची जी फॅशन आहे, तिच्याबद्दल भाचा उत्साहाने बोलत होता. मला विचाराल तर जो बाण सरळच बांधलेला नाही, त्याच्या नाकात वजन घालून काय साधणार?

बाण तयार झाले, तरी भाच्याला तीन आठवडे खांदा थंड ठेवायचा नव्हता, म्हणून रोज माझ्या धनुष्यावर आणि माझ्या बाणांनी सराव चालू होता. माझे मैदान म्हणजे उतारावरची कलमे आणि त्यांच्या खालच्या अंगाला चिऱ्यांचा गडगा. गडग्यावर आपटलेला बाण संपला असे समजायचे. त्यासाठी लक्ष्याच्या मागे वेलदूरहून आणलेले एक जुने मासेमारीचे जाळे मी चार पदरी करून सैल सोडले आहे. ताणून बांधले तर बाण आरपार जातो, सैल ठेवले तर जाळेच त्याच्याबरोबर मागे जाते आणि त्याचा वेग खाऊन टाकते. पुढे जुन्या कपड्यांनी ठासून भरलेले गोणपाट. हे सगळे साध्या, गोल टोकाच्या बाणांसाठी ठीक आहे. पात्यांच्या फाळापुढे जाळे टिकायचे नाही आणि गोणपाटात फाळ रुतला तर कपडे कापत जातो आणि निघता निघत नाही. म्हणून फाळांचा सराव तिकडे दाट फोमच्या ठोकळ्यावर करतात.

माझे रंगीत गोल भाच्याने पहिल्याच दिवशी उतरवून ठेवले. स्वयंपाकघरातून नाश्त्याची एक ताटली आणून त्याने खोक्याच्या पुठ्ठ्यावर तिची कड आखली. ती आठ इंच भरली. तिथल्या हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा साधारण एवढीच असते. आतले-बाहेरचे गोल नाहीत, दहा-नऊ-आठ नाहीत. बाण ताटलीत किंवा ताटलीबाहेर. त्यानंतर त्याने माझी आणखी एक सवय मोडली. मी आधी जवळून पाच-सहा बाण मारून अंग मोकळे करतो, मग मोजायला लागतो. तो पहाटे उठून, चहाही न घेता, रेनकोट अंगावर तसाच ठेवून, एकच बाण मारायचा आणि धनुष्य खुंटीला लावायचा. झाडावर तीन तास गारठून बसल्यावर हरीण येते तेव्हा अंग मोकळे करायला कोण सांगणार, असे त्याचे म्हणणे होते. मीही त्याच्याबरोबर तो एक बाण मारू लागलो. दहा दिवसांतले माझे चार ताटलीबाहेर गेले. दिवसभरात साठ बाण मारणाऱ्या माणसाला हा आकडा मुळीच आवडत नाही, आणि गंमत अशी की त्याच दिवशी संध्याकाळी माझे बाण एकमेकांना चिकटून बसत.

उताराचाही त्याने उपयोग करून घेतला. तिकडे झाडाला वीसेक फुटांवर बैठक बांधून, सगळ्या अंगाला सुरक्षेचा पट्टा अडकवून बसतात. या छंदातला खरा धोका बाणापेक्षा झाडावरून पडण्याचा जास्त असल्याने पट्ट्याशिवाय वर चढायचे नाही, हा तिथला पहिला धडा असतो. वीस फुटांवरून वीस यार्डांवरचे (यार्ड म्हणजे तीन फूट) जनावर पाहिले तर जमिनीवरचे अंतर एकोणीस यार्ड भरते, म्हणजे नेमात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो शरीराचा. खाली मारताना माणूस नुसता हात खाली करतो, त्यामुळे खांद्यांची रेषा मोडते आणि बाण भलतीकडे जातो. आधी समोर सरळ ताणायचे, मग कमरेत वाकायचे. भाच्याने वरच्या कलमाच्या चौथऱ्यावरून हे इतक्या वेळा केले की खालून जाणाऱ्या शेजाऱ्याने ‘पाठीला काय झालंय काय याच्या?’ अशी चौकशी केली.

एका संध्याकाळी मी त्याला विचारले की, धनुष्य एवढे जोराचे, बाण एवढा जोखून बांधलेला, मग तू लांबून का मारत नाहीस? त्याने वहीच पुढे केली. ‘मामा, तुम्हीच भागाकार करून बघा.’ त्याचा बाण सेकंदाला सुमारे २७० फूट जातो, आवाज सुमारे ११०० फूट. तीस यार्ड म्हणजे नव्वद फूट. बाणाला लागतो एक तृतीयांश सेकंद, दोरीच्या आवाजाला एक दशांशाहूनही कमी. मधला पाव सेकंद हरणाचा. बिथरलेले हरीण उसळी घेण्यापूर्वी पाय दुमडून खाली बसते, त्यामुळे पाव सेकंदात ताटली जागेवरून सरकलेली असते. दहा यार्ड आणखी मागे गेले की त्याला आणखी वेळ मिळतो. म्हणून तीस यार्ड ही आपली हद्द, असे त्याने ठरवले होते आणि ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती. त्या खाली दोन रेघा ओढलेल्या होत्या.

चौदा तारखेला तो गेला. पुढचे सगळे मी फोनवर पाहिले.

साध्या टोकांनी नव्या बाणांचा तीस यार्डांवर मुठीएवढा गुच्छ झाला. त्या रात्री आम्ही दोघेही खूश होतो. दुसऱ्या दिवशी त्याने त्याच बाणांना, त्याच वजनाचे, तीन स्थिर पात्यांचे फाळ लावले आणि तेच बाण पाच इंच डावीकडे जाऊन बसले. यात फाळाचा दोष नसतो. बाणाच्या शेपटाला जशी पिसे, तशी आता नाकालाही पाती आली. धनुष्यातून बाण किंचित जरी वाकडा सुटत असला, तरी साधे टोक ते झाकून घेते आणि शेपटाची पिसे पुढे त्याला सावरून घेतात, पण पुढची पाती मात्र वारा धरतात आणि त्याला आपल्या बाजूला ओढतात. उपाय धनुष्यावर करायचा असतो. बाण ज्यावर टेकतो ती रेस्ट, फाळाचे बाण साध्या बाणांकडे ज्या दिशेने आणायचे आहेत त्या दिशेने, म्हणजे इथे उजवीकडे, मिलिमीटरच्या अंशानेच सरकवायची, पुन्हा दोन्ही मारायचे आणि पुन्हा पाहायचे. तीन संध्याकाळी त्यात गेल्या आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही प्रकारचे बाण एका ताटलीत आले.

सात क्रमांकाचा तेवढा आला नाही. साध्या टोकाने तो गुच्छाच्या कडेला असायचा, एवढेच. कुणी लक्षही दिले नसते. फाळ लावल्यावर तो एकटाच कधी वर तर कधी उजवीकडे जाऊ लागला. भाच्याने बाण दोन चाकांवर ठेवून फिरवला आणि कॅमेरा टोकाजवळ नेला. फाळाची अणी जागेवर स्थिर राहण्याऐवजी लहानसे वर्तुळ काढत होती. इथून पाठवण्यापूर्वी तोच बाण मी स्वतः तळहातावर टेकवून भिंगरीसारखा फिरवला होता आणि मला काहीही जाणवले नव्हते. भाच्याने काही विचारले नाही. मीच त्याला वीज गेल्याची गोष्ट सांगितली.

सराव केलेली पाती त्याने काढून टाकली आणि शेवटच्या आठवड्यात नवी चढवली, कारण फोममध्ये चार वेळा गेलेली धार ही धार राहत नाही. बाणाने जनावर धक्क्याने मरत नाही, रक्तस्रावाने मरते. बोथट पाते रक्तवाहिनीला बाजूला ढकलून पुढे जाते, धारदार पाते तिला कापते. ताणलेल्या रबरबँडवर पाते हलकेच टेकवायचे आणि तो लगेच तुटला तर ठीक, ही त्याची परीक्षा. आईने हे ऐकून विळीच्या पात्याची धार अंगठ्याच्या नखावर पाहायची आपली रीत त्याला व्हिडिओ कॉलवर करून दाखवली.

१ ऑक्टोबरला आमच्याकडे खंडेनवमी होती. सकाळी पाटावर कोयता, विळी, कुदळ आणि आईच्या आग्रहाने माझे धनुष्य मांडून हळदकुंकू वाहिले, झेंडूची फुले ठेवली. तिकडे तेव्हा आदल्या दिवसाची रात्र होती. संध्याकाळी पाचच्या सुमारास, म्हणजे तिकडे उजाडण्याच्या वेळी, झाडावरून एक फोटो आला: धनुष्याला अडकवलेल्या भात्यात चार बाण आणि त्यांच्या शेपटाकडे माझ्या अक्षरातले आकडे, एक, चार, नऊ, अकरा. रात्री त्याचा फोन आला. तिकडे सकाळी साडेआठला एक मादी ओढ्यापलीकडे आली, अगदी आडवी उभी राहिली, चांगली दोन-तीन मिनिटे. अंतर मोजले तर अडतीस यार्ड. त्याने दोरीला हात लावला नव्हता. आई पलीकडून म्हणाली, ‘नवमीला बरंच झालं,’ आणि जेवलास का, असे विचारून तिने फोन माझ्याकडे दिला.

सात क्रमांकाचा बाण तो पुढच्या गणपतीला परत आणणार आहे. इपॉक्सी असल्यामुळे इन्सर्ट तापवून काढता येणार नाही, त्या उष्णतेने कार्बनच खराब होईल. तेव्हा पुढचा इंचभर भाग तोडून टाकावा लागेल. तोडल्यावर ती कांडी लांबीने माझ्या मापाची होते, पण तोडलेली कांडी आणखी ताठ होणार आणि ती मुळातच ३४० ची आहे, माझ्या धनुष्याच्या काही कामाची नाही. सागाचा तो ठोकळा मात्र मी ठेवून दिला आहे, आणि त्याच्या शेजारी एक विजेरी.